पिवळं पडणारं कुंकू

"गाल फुगवू नकोस, उज्ज्वला. नेहमी हसतेस तेवढंच हस," असं हळूच म्हणत संयोगिता मॅडमनी माझ्या उजव्या गालावर ब्रश फिरवला आणि मग माईक तोंडाशी धरून समोरच्या बायकांना म्हणाल्या, "बघा, एकाच हातात किती खुलतो हा रंग."

मी उंच स्टुलावर बसले होते. कोरेगाव पार्कातला बंगला, त्यातच मॅडमचं दुकान, सकाळचे अकरा वाजलेले, समोर पांढऱ्या गाद्यांवर वीस-बावीस बायका. कुणी माझ्या गालाकडे बघत होतं, कुणी माझ्या पायातल्या चपलांकडे. प्रत्येकीच्या हातात सरबताचा पेला आणि पेल्याच्या काठाला लिंबाची चकती खोचलेली. त्या चकत्यांनीच पुढे सगळा घोळ केला, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं.

माझ्या पायाशी, जमिनीवर चटई टाकून, परात पुढ्यात घेऊन माझी हौसाआत्या बसली होती. जांभळं लुगडं, डोक्यावर पदर, खास या दिवसासाठी शिवलेली नवी चोळी. भिंतीला टेकून आबा, माझे वडील, उभे होते, टोपी हातात धरून. परक्याच्या घरी आले की आबा टोपी काढून हातात का धरायचे, मला कधी कळलं नाही.

मॅडम सांगत होत्या, "ही लाली म्हणजे नुसता मेकअप नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात सुमनताई स्वतःच्या हातांनी हळदीचं कुंकू करतात आणि तेच आपण तांदळाच्या पिठीत मिसळतो. आज सुमनताईंची तब्येत बरी नाही, म्हणून त्यांच्या मदतनीस आल्या आहेत. त्या आपल्याला कुंकू कसं होतं ते दाखवतील."

मदतनीस. आत्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली आणि सांगितलं होतं तेवढंच हसत राहिले. चौदा वर्षं झाली या गोष्टीला, पण ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तुम्हाला नीट सांगते, नाहीतर त्या एका शब्दात एवढं काय होतं ते कळायचं नाही.

सुमन म्हणजे माझी आई. आईला कुंकू करता येत नाही. तिनं कधी केलंच नाही. आमच्या घरात कुंकू करायची ती हौसाआत्या, आबांची थोरली बहीण. तेविसाव्या वर्षी तिचा नवरा गेला, पाच महिन्यांनी सासरच्यांनी तिला एक पेटी देऊन माहेरी आणून सोडलं, आणि माझ्या आजोबांनी तिला कामाला जुंपलं. आजोबांचा हात तिच्या हातात उतरला. हळद किती बारीक दळायची, चुन्याची निवळी किती धरायची, सावलीत किती दिवस वाळवायचं, वस्त्रगाळ कधी करायचं, हे सगळं तिला बोटांनी कळायचं. आजूबाजूला सगळे बाजारातला रंग आणून पोत्यांनी कुंकू करायला लागले, तरी आमच्या घरी हळदीचंच व्हायचं, आणि ते तिच्या हट्टापायी.

पण विधवेच्या हातचं कुंकू घेणार कोण? म्हणून आमच्या घरात एक रीत होती. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटायचं नाही, सगळ्यांच्याच घरी असं असेल असं वाटायचं. दारात गिऱ्हाईक आलं की आत्या परातीपुढून उठायची आणि आतल्या खोलीत जायची. आई येऊन तिच्या जागी बसायची आणि दोन्ही हात मनगटापर्यंत परातीत घालून लाल करून घ्यायची. गिऱ्हाईक म्हणायचं, सुमनबाई, तुमच्या हाताला गुण आहे. आई मान खाली घालायची. गिऱ्हाईक गेलं की आत्या बाहेर यायची आणि आई हात धुवायला न्हाणीत पळायची. आईलाही ते आवडायचं नाही, पण सांगणार कुणाला?

दिवसभर कुंकवात बसणारी आत्या संध्याकाळी पाण्याचं घंगाळ घेऊन बसायची आणि कोपरापासून बोटांपर्यंत घासून घासून लाल रंग काढायची. कपाळ मात्र तिला कधी घासावं लागलं नाही.

मी बारावी करून पुण्यात आले, ब्युटी पार्लरचा कोर्स केला, आणि फिरत फिरत मॅडमच्या दुकानात लागले. कंपनीचं नाव सांगत नाही, आता ती राहिलीही नाही. नाव संस्कृतातलं होतं आणि ते धड म्हणायला आम्हा मुलींना आठवडा लागला होता. तिथलं सगळंच हातानं केलेलं, सगळंच निसर्गातलं. काजळ तुपाच्या दिव्याचं, ओठांचा रंग बिटाचा. डब्या तांब्याच्या. बायका आत यायच्या त्या देवळात आल्यासारख्या हळू बोलत यायच्या. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. एकदा मॅडमनी विचारलं, तू कुठली गं? मी गावाचं सांगितलं, कुंकवाचं सांगितलं, आणि मॅडमचे डोळे चमकले. पुढच्या महिन्यात फोटोग्राफर घेऊन त्या आमच्या दारात.

आबांनी आईला परातीपुढं बसवलं. रीतच ती. पण फोटोग्राफर हुशार होता. अर्ध्या तासानं तो म्हणाला, यांचा चेहरा छान आहे, पण हात बरोबर पडत नाहीत. मग हात आत्याचे घेतले आणि चेहरा आईचा. लालीच्या खोक्यावर तसंच छापून आलं: वर आई, खाली आत्याचे हात. खोकं गावी नेऊन दाखवलं तेव्हा आत्यानं ते उलटसुलट करून बघितलं आणि हसून म्हणाली, "हात तर माजेच हायत की."

मीच मग मॅडमच्या मागं लागले. म्हटलं, आत्या बनवते, तिचं नाव कुठंतरी घ्या. मॅडम म्हणाल्या, नक्की, पुण्यातल्या कार्यक्रमात मी स्वतः घेईन. नेमकी तेव्हाच आईला चिकुनगुन्यानं धरलं, तिला उठता येईना. मी आत्याला फोन केला. म्हटलं, तूच ये, तुझं नाव घेणार आहेत तिथं. मग तिनं विचारलं, "माइकवर?"

"हो, माइकवर."

तिनं दुसऱ्या दिवशी चोळी शिवायला टाकली.

तर अशी ती आली होती. आणि सकाळीच पहिला खटका उडाला होता. दुकानातली तन्वी म्हणून एक मुलगी आत्याला तयार करायला आली. तिनं आत्याचं मोकळं कपाळ बघितलं आणि फोटोत चांगलं दिसेल म्हणून चिकटवायची लाल टिकली काढली. पोरीच्या मनात काही नव्हतं. आत्यानं आबांकडं बघितलं. आबा घसा खाकरून म्हणाले, "फोटूपुरती लाव, आक्का. कोन बगतंय हितं."

आत्यानं ती टिकली तन्वीच्या बोटावरून अलगद घेतली आणि आरशाच्या काचेवर नेऊन चिकटवली. "खोटी लावली तर चालतीया," एवढंच ती म्हणाली, आणि चटईवर जाऊन बसली.

आणि आता वर हे मदतनीस.

मॅडमनी खूण केली तसं आत्यानं काम सुरू केलं. परातीत हळदीचा ढीग होता. मधे खळगं करून तिनं चुन्याची निवळी धरली, धार इतकी बारीक की दोऱ्यासारखी, आणि दुसऱ्या हातानं मळायला लागली. पिवळं होतं ते बोटांखाली नारिंगी झालं, मग विटकरी, मग लाल. समोरच्या बायका गुडघ्यांवर उठून बघायला लागल्या. मी हे हजार वेळा बघितलंय, तरी त्या वेळी मलाही अंगावर काटा आला. आत्या बोलत नव्हती. बोलायचं नाही असं तिला बजावलेलं होतं.

पुढच्याच गादीवर पांढऱ्या बॉबकटच्या एक बाई होत्या. त्यांनी थेट तिलाच विचारलं, "ताई, हे परत पिवळं करता येतं का हो?"

आत्यानं मॅडमकडं बघितलं, मॅडम हसून हो म्हणाल्या. आत्यानं त्या बाईंच्या पेल्यावरची चकती मागून घेतली, परातीच्या कडेला चिमूटभर कुंकू ओढलं आणि वर लिंबू पिळलं. लाल ठिपका बघता बघता हळदीसारखा पिवळा झाला.

"खरं कुकू आंबटाला भितं," आत्या म्हणाली. "घाम लागला तरी सांजच्याला कपाळ पिवळं हुतं. ज्याचं हुत न्हाई, त्यात हळद न्हाई."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या. मला मात्र पुढं काय होणार ते दिसायला लागलं होतं.

त्या बॉबकटच्या बाई उठल्या, दुसरी एक चकती घेतली आणि अगदी लहान मुलीच्या उत्साहानं माझ्या स्टुलापाशी आल्या. "तुझ्या गालावर करून बघू का गं? जरा चुरचुरेल." मी काही म्हणायच्या आत लिंबू गालावर टेकलं. रस हनुवटीपर्यंत ओघळला. सगळ्या वाट बघायला लागल्या. बाईंनी चकती पुन्हा दाबली, पुन्हा फिरवली.

गाल लाल तो लालच.

आत्या चटईवरून उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. माझ्यापाशी आली आणि दोन बोटांनी माझी हनुवटी धरून गाल उजेडाकडं वळवला. तिच्या बोटांचा ओला लाल रंग माझ्या हनुवटीला लागला. तिथं लिंबाचा रस होताच. ती बोटं लागली तेवढी जागा पिवळी झाली, असं मागाहून तन्वीनं मला सांगितलं. वर लाल, खाली पिवळी.

"ह्ये माजं न्हवं," आत्या म्हणाली.

मॅडम शहाण्या होत्या, त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. त्यांनी समजावलं की लालीत कुंकू थेट नसतं, त्यावर प्रक्रिया केलेली असते, रंग स्थिर केलेला असतो, म्हणून लिंबाचा परिणाम होत नाही. ऐकणाऱ्यांच्या माना हलायला लागल्या. मग मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उज्ज्वला रोज हीच लाली लावते. सुमनताईंच्याच घरची मुलगी आहे. सांग ना गं तूच."

आता ते सांगते, जे इतका वेळ गिळून बसलेय. मला माहीत होतं. तीन आठवड्यांपासून माहीत होतं. आधीची लाली लावून मी दिवसभर दुकानात उभी राहिले की संध्याकाळी माझ्या कुडत्याचा गळा पिवळा व्हायचा. घासून निघायचा नाही. गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या, एकीच्या लग्नात तिचे गाल कावीळ झाल्यासारखे दिसले म्हणून ती भांडून गेली होती. मग नव्या डब्या आल्या आणि माझा गळा पांढराच्या पांढरा राहायला लागला. मी एकदा मागच्या खोलीत वस्तू आणायला गेले, तर फळीवर आत्याच्या कुंकवाच्या पिशव्या ओळीनं ठेवलेल्या. आत्या पिशवी बांधते ती दोऱ्याची गाठ डाव्या बाजूला घेऊन, दोनदा फिरवून. अकरा पिशव्या, अकराच्या अकरा गाठी जशाच्या तशा. एकही सुटलेली नव्हती. मी फळीपुढं उभी राहिले, मग जी वस्तू आणायला गेले होते ती घेतली आणि बाहेर आले. कुणाला काही बोलले नाही. मला ती नोकरी आवडत होती. मला देवळात आल्यासारख्या त्या बायका आवडत होत्या, आणि मी त्यांच्यातली एक होणार असं मला वाटायला लागलं होतं.

आत्यानं माझी हनुवटी अजून सोडली नव्हती. ती काही विचारत नव्हती, नुसती बघत होती. आयुष्यभर गिऱ्हाईक आलं की उठून आत गेलेली बाई ती. पहिल्यांदाच बाहेर बसली होती, आणि बाहेर बसवून तिला मदतनीस म्हटलं होतं, आणि तिच्या नावावर, म्हणजे जे नाव घेतलंसुद्धा नव्हतं त्याच्यावर, बाजारातला रंग खपत होता.

"यात आत्याचं कुंकू नाही," मी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, मोठ्यांदा. "तीन आठवडे झाले, रंग घातलाय. हिच्या पिशव्या मागं फळीवर पडल्यात. गाठीसुद्धा सोडलेल्या नाहीत. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. आणि ही मदतनीस नाही. खोक्यावरचे हात हिचे आहेत."

मॅडमचा हात माझ्या खांद्यावरून निघाला. त्यांनी माईक खाली ठेवला आणि पहिल्यांदाच खरं बोलल्या. "ठीक आहे. लोकांना पिवळे गाल नको असतात, उज्ज्वला. तुमचं कुंकू सुंदर आहे, पण ते टिकत नाही. मी काय करू? कपाळावर तरी टिकतं का ते?"

बॉबकटच्या बाई अजून तिथंच उभ्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या आत्याला म्हणाल्या, "दाखवा ना, ताई. तुमच्या कपाळावर लावून दाखवा."

"ती लावत न्हाई," आबा भिंतीपासून म्हणाले. "आक्काचं मालक वारल्यात. तीस वरसं झाली."

पहिल्या रांगेत एक बाई होती, हिरव्या रेशमी साडीतली, मघा तिनं हौसेनं परातीतलं ओलं कुंकू मनगटावर ओढून घेतलं होतं. तिनं पर्समधून कागदी रुमाल काढला आणि कुणाला दिसू नये अशा बेतानं मनगट पुसायला लागली. पण ते मला दिसलं, आत्याला दिसलं, सगळ्यांना दिसलं. शिकलेली बाई, बोटांत हिऱ्याची अंगठी, आणि पुसतेय अशी की जणू हाताला विटाळ झाला. मला तेव्हा जो राग आला तो आजवर पुरलाय.

आत्या तिच्याकडं थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं कमरेची चंची सोडली. पान, सुपारी, चुन्याची डबी, आणि सगळ्यात आत, कागदात बांधलेली एक पुडी. वाळवून, वस्त्रगाळ करून तयार झालेलं कुंकू. तिनं पुडी उलगडून माझ्यापुढं धरली.

"उजे, लाव."

"आक्का," आबा म्हणाले.

"तुला न्हाई सांगितलं, तुक्या. उजीला सांगितलं."

आबांना तुक्या म्हणताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आबा दोन पावलं पुढं आले आणि मला म्हणाले, उजे, खबरदार. त्यांच्या आवाजात राग कमी होता आणि भीती जास्त. आज मला ते कळतं. गावात तोंड दाखवायचं होतं त्यांना. पण तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, माझ्या गालावरून लिंबू गळत होतं, आणि मी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते.

मी बोट सरबताच्या पेल्याबाहेर साचलेल्या थेंबांनी ओलं केलं, पुडीत टेकवलं आणि आत्याच्या कपाळावर कुंकू लावलं. चांगलं ठसठशीत, जुन्या दहा पैशाच्या नाण्याएवढं. तिनं डोळे मिटले होते. कपाळावर सुरकुत्या होत्या, त्यामुळं कडेनं जरा वाकडं आलं.

ती वळून सगळ्यांसमोर उभी राहिली. तिला कुणी माईक दिला नाही, आणि तिनं मागितलाही नाही.

"माजं नाव हौसा," ती म्हणाली. "तीस वरसं ह्ये मी करती. गिऱ्हाईक आलं की घरात जाती. आज गेली न्हाई."

मग तिनं बॉबकटच्या बाईंच्या हातातली चकती घेतली आणि स्वतःच्या कपाळावर पिळली. रस भुवयांतून डोळ्यांत गेला असणार, पण तिनं डोळा मिटला नाही. लाल टिळा मधोमध पिवळा झाला आणि पिवळेपणा कडेपर्यंत गेला.

"बाई, तुमी म्हन्ता टिकत न्हाई," ती मॅडमना म्हणाली. "लाल गेलं तरी खाली हळद हाय की. ती कुटं जाती?"

बॉबकटच्या बाईंनी आपला पेला खाली ठेवला, आत्यापुढं येऊन उभ्या राहिल्या आणि कपाळ पुढं केलं. त्यांच्या कपाळावर काही नव्हतं. त्या कोण होत्या, सधवा की विधवा की आणखी कुणी, मी आजही सांगू शकत नाही. आत्यानंही विचारलं नाही. तिनं पुडीत बोट घातलं आणि त्यांना लावलं. आणखी दोघी आल्या. हिरव्या साडीवाली पर्स काखेला लावून केव्हाच बाहेर पडली होती.

मला नोकरीवरून काढायची वेळ मॅडमवर आली नाही. मी स्टुलावरून उतरले, मागच्या खोलीत गेले, अकराच्या अकरा पिशव्या खाली काढल्या आणि गोणपाटात घातल्या. तन्वीनं गोणपाटाचं दुसरं टोक धरून मला फाटकापर्यंत सोडलं. आज मी त्याच कुंकवाची लाली करते, स्वतःची. माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: घामानं पिवळी पडते, पडायलाच पाहिजे. फार खपत नाही. पण ज्या घेतात त्या पुन्हा येतात.

त्या दिवशी स्वारगेटहून दीडची एस.टी. मिळाली. आत्या खिडकीशी, मी मधे, आबा कडेला. माझ्या मांडीवर परात. मी गाल धुतला होता, आत्यानं कपाळ धुतलं नव्हतं. तो पिवळा डाग वाऱ्यानं वाळून कपाळाला धरून बसला होता. एकदा मी म्हटलं, आत्या, रागावलीस का? ती म्हणाली, "तीन आठवडं," आणि खिडकीबाहेर बघायला लागली. नंतर खूप वेळानं तिनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि गाव जवळ येईपर्यंत तिथंच ठेवला.

ऊन कलायला लागलं तसा आमचा फाटा जवळ आला. लांबून पाण्याची टाकी दिसली, टाकीखाली नेहमीप्रमाणं बायकांची गर्दी. आबा चुळबुळले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो घडीचा होता, धुतलेला, आणि माझ्या पुढून आत्यापर्यंत हात नेला.

"पूस, आक्का. गाव आलं," ते म्हणाले. विनवणीच होती ती. "पुन्यात झालं ते झालं. हितं मानसं हायती."

आत्यानं रुमाल घेतला आणि मांडीवर ठेवला. मग चंची सोडली. मला वाटलं, पान खाते. पण तिनं पान घेतलं नाही. चुन्याची डबी उघडली, बोटाच्या टोकावर खसखशीएवढा चुना घेतला, तोंडाशी नेऊन थुंकीनं ओला केला आणि खिडकीच्या काचेत बघत कपाळावरच्या पिवळ्या डागावर फिरवला.

ते लाल झालं. मधून सुरू झालं आणि कडेपर्यंत आलं, सकाळी मी लावलं होतं तसंच, कडेनं जरा वाकडं.

गाडी थांबली. आबा तिच्या कपाळाकडं बघत राहिले. आत्यानं त्यांच्या रुमालाला आपलं चुन्याचं बोट स्वच्छ पुसलं, रुमालाची पुन्हा घडी घातली, तो त्यांच्या हातात दिला, आणि डोक्यावरचा पदर मागं सारून आमच्या आधी खाली उतरली.